दातांच्या अलीकडे

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. तिसऱ्या मजल्यावर खोली, पहिल्या मजल्यावर काम. जिना उतरला की नोकरी, चढला की घर. खोली ऐसपैस आहे, उजेड भरपूर, नळाला पाणीही चोवीस तास. दादाने बॅगा वर आणून दिल्या आणि निघताना नेहमीचा उपदेश केला, की या वेळी तरी वर्षभर टिक, आणि माणसांना जरा माणसासारखं वागव. मी म्हटले, माणसे भेटू तर देत. तो हसला नाही.

काम मला आवडले. पोट न फाडता, तोंडातून दुर्बीण घालून जठरातला अगदी सुरुवातीचा कॅन्सर अस्तरासकट सोलून काढायचा, आणि तो पुन्हा उगवतो का, यावर नजर ठेवायची, असा हा अभ्यास आहे. एकूण साठ रुग्ण. सोलण्याचे काम मोठे डॉक्टर करतात. त्यांचा हात बघण्यासारखा आहे, हे मी मान्य करते. मी सहसा कोणाचे काही मान्य करत नाही. मी फक्त फेरतपासणीचे व्हिडिओ बघायचे आणि प्रत्येकापुढे 'स्वच्छ', 'शंका' किंवा 'रोग' लिहायचे. व्हिडिओवर नाव नसते, नंबर असतो. चेहरा कळू नये म्हणून दुर्बीण घशाखाली उतरल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करायचे आणि परत येताना ती दातांपर्यंत पोचायच्या आत बंद करायचे, असा इथला कडक नियम आहे. मला हा नियम फार पटला. चेहऱ्यांशी माझे काय घेणेदेणे?

बुधवार, ५ तारीख

मंडळींची ओळख झाली. आनंद आहे.

नोंदणीबाईंकडे सगळे फॉर्म असतात आणि तीन रंगांची पेने. दुरुस्ती लाल पेनाने करायची, कारण ती दुरून दिसली पाहिजे, असे त्यांनी मला पहिलीतल्या पोरीला सांगावे तसे सांगितले. मामा म्हणजे दुर्बिणी धुणारा गृहस्थ. सगळे त्याला मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तो नळीत ब्रश घालतो, औषधात बुडवतो, हवेने वाळवतो आणि कपाटात उभी टांगतो, आणि हे सगळे देवपूजेच्या गांभीर्याने. धुणे ते धुणेच, पण त्याला कोण सांगणार.

खरा नमुना म्हणजे दुसरे वाचक. प्रत्येक व्हिडिओ दोघांनी वेगवेगळा बघायचा असतो, म्हणून एका निवृत्त डॉक्टरांना ठेवले आहे. पाठीमागे त्यांना आजोबा म्हणतात. आजोबा व्हिडिओ आहे त्याच वेगाने बघतात, मध्येच थांबवतात, मागे नेतात, चष्मा पुसतात, पुन्हा बघतात, आणि समासात मिनिट-सेकंद टिपून ठेवतात. मी चौपट वेगाने बघते. जठर म्हणजे काही महाकाव्य नव्हे. दोन दिवसांत माझे तेवीस झाले, त्यांचे पाच.

शुक्रवार, ७ तारीख

आज बैठकीत मजा आली. नंबर एकेचाळीसला मी 'स्वच्छ' लिहिले होते, आजोबांनी 'शंका'. दोघांचे जुळले नाही तर व्हिडिओ बाहेरच्या तिसऱ्या वाचकाकडे जातो, म्हणजे तीन आठवडे गेले. आणि एकवीस तारखेला दुपारी बारा वाजता सगळ्या नोंदी कायमच्या बंद व्हायच्या आहेत. त्यानंतर कोणालाही एक अक्षर बदलता येणार नाही.

मी सर्वांसमोर म्हटले, की शंका जठरात नसून चष्म्याच्या काचेवर असावी. मोठे डॉक्टरसुद्धा हसले. मग मी जरा लांबवले. वयाचे, मोतीबिंदूचे, दुपारच्या डुलकीचे काहीबाही बोलले. आजोबांनी फॉर्म ओढला, स्वतःची 'शंका' खोडली, 'स्वच्छ' लिहिले, सही केली. मला वाटले होते भांडतील. इतक्या पटकन शेपूट घालणाऱ्या माणसाची कीवही येत नाही.

सोमवार, १० तारीख

सकाळी आल्या आल्या मशीनवर एक नंबर नसलेला व्हिडिओ. वेळ आजचीच, सहा वाजून दहा मिनिटे. त्या वेळी इथे चिटपाखरूही नसते. कोणाचे तरी जठर, अगदी निरोगी. मग दुर्बीण मागे फिरते, अन्ननलिकेत थोडी वर येते, आणि संपले.

मामाला विचारले. त्याने कपाट उघडले तर तीन नंबरची दुर्बीण ओली, टोकातून पाणी ठिबकत होते. त्याने शनिवारी वाळवून टांगली होती म्हणे. मी त्याला चांगला झाडला. तो शांतपणे म्हणाला, की बावीस वर्षांत त्याने ओली दुर्बीण कपाटात ठेवलेली नाही. बावीस वर्षे नळ्या धुतल्याचा अभिमान! असतात अशी माणसे.

मंगळवार, ११ तारीख

पुन्हा तसाच. सहा दहा. आज काही सेकंद जास्त आहे. दुर्बीण घशाच्या जवळ येते आणि मग थांबते. जठरात वळणावर एक लालसर ठिपका, जो काल नव्हता.

नव्या माणसाची फिरकी घ्यायचा हा प्रकार दिसतो. एका दिवसात ठिपका कसा उगवला, एवढेही या दीडशहाण्यांना सुचू नये? कोणाचा तरी जुना व्हिडिओ कापून जोडला असणार. मी लक्ष देणार नाही. घसा मात्र खवखवतो आहे. कँटीनच्या चहात काय घालतात कोण जाणे.

बुधवार, १२ तारीख

विभागाच्या मोबाइलवर एका बाईचा फोन. तिची आई आमच्याकडे असते, फेरतपासणी झाली, पण गेले महिनाभर दोन घास पोटात ठरत नाहीत, सगळे कपडे ढगळ झालेत. मी नंबर विचारला नव्हता. विचारायचा नसतोच. तिनेच कार्डावरून वाचला, एकेचाळीस.

मी सांगितले रिपोर्ट स्वच्छ आहे, वर्षभराने या. या वयात माणसे खाण्याचे नखरे करतात, जरा कमी लाड करा, असेही सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, तो व्हिडिओ तुम्ही स्वतः नीट बघितलाय ना? तेवढंच सांगा. म्हणजे मी आईला जेव म्हणून रागवत नाही."

मी म्हटले, अर्थात बघितला आहे. दुसरे काय म्हणणार?

गुरुवार, १३ तारीख

एकेचाळीस पुन्हा बघितला. आहे त्याच वेगाने.

तीन मिनिटे चाळीस सेकंदांना दुर्बीण वळते. सोललेल्या जागेचा वण दिसतो, आणि त्या वणाच्या डाव्या कडेला करंगळीच्या नखाएवढी एक खोलगट, लाल जागा. जेमतेम तीन सेकंद दिसते. चौपट वेगाने ती पाऊण सेकंद दिसली असेल, आणि त्या पाऊण सेकंदात मी बहुधा घड्याळ बघत होते. आजोबांच्या फॉर्मच्या समासात लिहिलेले आहे, ३:४०. त्यांनी खोडले ते फक्त निदान, वेळ तशीच ठेवली.

रोग परत आला आहे. अजून वरवरचा आहे, आत्ता काढला तर निघेल. वर्षभराने नाही निघणार.

दुरुस्तीचा फॉर्म भरायचा तर नोंदणीबाई लाल पेन काढणार. मोठ्या डॉक्टरांना कळणार. आणि आजोबांपुढे उभे राहून सांगावे लागेल, की तुमचा चष्मा स्वच्छ होता. नाही. हे माझ्याने होणार नाही. आजार वाढलाच तर ती मुलगी दुसरीकडे कुठे तरी दाखवेलच की.

आज सकाळच्या व्हिडिओत ठिपका करंगळीच्या नखाएवढा झाला आहे. खोलगट. तोच आकार. पण जठर वेगळे आहे. इथे वण नाही.

शुक्रवार, १४ तारीख

काल संध्याकाळी खाली दुर्बिणींच्या खोलीला मी स्वतः कुलूप लावले. किल्ली उशीखाली ठेवून झोपले. सकाळी व्हिडिओ होताच. सहा दहा.

आता दुर्बीण घशातून वर येते. पडजीभ दिसते. मग जिभेची मुळाकडची बाजू. दातांच्या अलीकडे थांबते. मामाने ओली दुर्बीण माझ्यासमोर धरली आणि नुसता उभा राहिला.

थुंकीत रक्त होते. आणि ओठांच्या कडांना गोल वळ. तपासणीच्या वेळी रुग्णांच्या दातांत प्लास्टिकची कडी देतात, तिचे वळ असेच उठतात. मला कोणी कडी दिलेली नाही.

सोमवार, १७ तारीख

शनिवार-रविवार झोपलेच नाही. खुर्चीवर बसून राहिले. दोन्ही दिवस सहा वाजेपर्यंत मला सगळे आठवते, आणि मग एकदम साडेसहा.

व्हिडिओ दोन्ही दिवसांचे आहेत, आणि आजचाही. आज दात दिसतात, आतून. पांढरी कडी. कडीच्या गोलातून बाहेरचा उजेड. छत. खिडकी. बॅगा.

माझ्या बॅगा.

ठिपका रुपयाएवढा झाला आहे.

मंगळवार, १८ तारीख

ठरवून नोंदणीबाईंकडे गेले. फॉर्म मागणार होते. त्यांनी मान वर केली, पेन हातात धरले, वाट बघितली. मी तोंड उघडले आणि स्टेपलर मागितला. त्यांनी दिला. तो घेऊन मी परत आले. माझ्याकडे दोन आहेत.

मी जन्मभर भित्र्या माणसांना हसत आले. असा स्टेपलर त्यांच्यापैकीही कोणी मागितला नसेल.

बुधवार, १९ तारीख

तिचा पुन्हा फोन. मी कापला. पुन्हा आला. मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला.

व्हिडिओत त्या जागेतून आता रक्त झिरपते. दुर्बीण तिथे बराच वेळ थांबते. कोणाचा हात आहे माहीत नाही, पण शांत आहे. घाई नाही. मागे नेतो, थांबवतो, पुन्हा बघतो.

मला दाखवतो आहे तो.

गुरुवार, २० तारीख

गिळता येत नाही. पाणीसुद्धा —

मामा सांगत होता, एकेचाळीसची मुलगी उद्या आईला घेऊन येते आहे. समक्ष विचारायला. बाहेरच्या बाकावर बसून राहणार, कोणी भेटेपर्यंत. उद्या बारापर्यंत वेळ आहे. उद्या सांगते. सगळ्यांसमोर सांगते. आजोबांनाही. हसू देत.

शुक्रवार, २१ तारीख

साडेअकरा. त्या आल्या आहेत. दाराच्या काचेतून बघितले. मुलगी माझ्याच वयाची आहे. आई तिच्या खांद्याला टेकून बसली आहे, हाडांची मोळी नुसती. चेहरा बघितला. बघायला नको होता.

फॉर्म माझ्यासमोर आहे. आता उठून —

मशीनचा पडदा आपोआप सुरू झाला. हे रेकॉर्डिंग नाही. वेळ आत्ताची आहे, सेकंद पळताहेत. जठर. ती जागा. दुर्बीण वर यायला लागली.

दुर्बिणींचे कपाट उघडे. तीन नंबरची जागा रिकामी.

अन्ननलिका. घसा. जबडा मिटत नाही. दातांमध्ये काहीतरी गोल, कडक — हात लावला तर तिथे काही नाही. पण मिटत नाही. आवाज फुटत नाही. दारापर्यंत जाते म्हटले तर पाय —

हात चालतो. फक्त हात.

पडद्यावर दात. कडी. कडीतून बाहेर — टेबल. ही वही. त्यावर माझा हात, लिहितो आहे. हेच वाक्य.

मामा डोकावला. मी मान खाली घालून लिहीत होते. मीच त्याला बजावले होते, काम चालू असताना आत यायचे नाही. दार हळूच लावून घेतले त्याने.

बाराला दोन कमी. बाहेर नोंदणीबाईंचा आवाज. वाचून दाखवताहेत. "दोघांच्याही सह्या आहेत बघा. स्वच्छ लिहिलंय. आता वर्षभराने या." मुलगी विचारते आहे, मॅडम भेटतील का. त्या म्हणताहेत, मॅडम कामात आहेत.

बाक सरकला. आईला उठवते आहे. पावले — दोघींची — जिन्याकडे —

थांबवा त्यांना. जो कोणी हे वाचेल त्याने — एकेचाळीस स्वच्छ नाही. आजोबांचे बरोबर होते. मी बघितलाच नव्हता. ३:४० ला थांबवा, वणाच्या डाव्या कडे —