रुमालाखालचा भाव

अकोला,
रविवार, ९ ऑगस्ट २००९

प्रिय श्यामराव यांस,

अकोल्याहून वकार अब्दुल सत्तारचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (एक कमी पडला तर दुसरा असू दे.) इकडे सर्व खुशाल. अब्बांचा गुडघा सोडला तर सगळ्यांच्या तब्येती ठीक, आणि गुडघाही बाजाराच्या दिवशी दुखत नाही. पत्रास कारण की, कारण शेवटी लिहितो. तोवर वाचत राहा.

सगळ्यात आधी तुझी प्रकृती. पुण्यात स्वाइन फ्लूनं कहर केलाय, शाळा बंद पडल्यात, माणसं तोंडाला फडकी बांधून फिरतायत, हे सगळं अम्मी दिवसभर टीव्हीवर बघते आणि दर अर्ध्या तासानं मला विचारते, "श्यामचा फोन आला का?" (होस्टेलला तिच्या हातच्या शेवया यायच्या तेव्हा डब्याचं झाकण तू उघडायचास, मी नाही. ते तिला अजून माहीत आहे, म्हणून ही माया.) तुझा मंगळवारचा एसएमएस मी तिला वाचून दाखवला : मास्क लावून ऑफिसला जातोय, काळजी नको, काम भरपूर आहे. तिचं समाधान झालं नाही. तिनं हकीमसाहेबांकडून जोशांद्याच्या, म्हणजे सर्दीतापाच्या काढ्याच्या, पुड्या आणल्यात, त्या सोबत पाठवतोय. एक पुडी दोन कप पाण्यात टाकायची, एक कप उरेपर्यंत उकळायची आणि नाक दाबून प्यायची. नाक दाबून हे माझं, बाकी हकीमसाहेबांचं.

आता माझं. गेल्या दिवाळीत मी तुला फोनवर सांगितलं होतं की कंपनी सोडली, आता स्वतंत्र कामं घेतो, तासाला साडेचारशे रुपये मिळतात. त्यातलं ‘सोडली’ हे काही खरं नव्हतं. कंपनीनंच आम्हा अकरा जणांना एका खोलीत बोलावलं, चहा पाजला आणि सोडलं. साडेचारशे मात्र खरे होते, तीन महिने. मग तिकडे अमेरिकेत मंदी अजून खाली गेली, माझं कामही तिच्यासोबत गेलं, आणि मार्चपासून मी इथं घरी आहे. अम्मीला हे अजून नीट उमगलेलं नाही. ती म्हणते, बँक त्यांची बुडाली, घरं त्यांची गेली, मग घरी तू का आलास? मी तिला दोनदा कागदावर बाण काढून समजावलं. बाण तिला आवडले. तुला मात्र मी हे पाच महिने सांगितलं नाही, उलट अमेरिकेचा क्लायंट फार त्रास देतो म्हणून तक्रार करत राहिलो. माफ कर. नसलेल्या क्लायंटनं मला जेवढा त्रास दिला तेवढा असलेल्यानं कधी दिला नव्हता.

अब्बांनी मला पोळ्यापर्यंतची मुदत दिलीय. तोवर काम लागलं तर ठीक, नाहीतर पोळ्यानंतर त्यांच्यासोबत बैलबाजारात उभं राहायचं. आता गुडघ्यानं त्यांना दिवसभर उभं राहवत नाही, आणि दलालीचा धंदा बसून होत नाही. बाजाराची मला लाज नाही, श्याम, तुला माहीत आहे. ज्या दलालीवर मी इंजिनिअर झालो तिची लाज काय वाटायची? पण मला बैलाचे दात बघून वय सांगता येत नाही, आणि जे येतं ते एकदा हातातून सुटलं की वर्षभरात शिळं होतं. पोळा वीस तारखेला आहे. म्हणजे अकरा दिवस.

तर काम आहे, आणि ते एकच आहे. एका विमा कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं, सहा महिने, तासाच्या बोलीनं. मधे पुण्यातली एक भरती एजन्सी, आणि एजन्सीत आरती मॅडम. बाई वाईट नाही. ‘सर’ म्हटल्याशिवाय बोलत नाही. पहिल्याच फोनवर तिनं सांगितलं, सर, बायोडाट्यावर अकोला नका लिहू, अकोला दिसलं की रेट पडतो, पुणे लिहा. मी पुणे लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन : सर, तासाभरात ऑफिसला येता का, समोरासमोर बोलून घेऊ. मी म्हणालो, ट्रॅफिकमध्ये अडकलोय, उद्या येतो. आणि खरोखर अडकलो, रेल्वेच्या जनरल डब्यात, एका माणसाच्या कोपराखाली, तेरा तास. समोरासमोरचं बोलणं सात मिनिटं चाललं. त्यातली पाच पॅनकार्डाची झेरॉक्स काढण्यात गेली.

भाव मी साडेतीनशे सांगितला. (अब्बांनी विचारलं, तासाच्या हिशोबानं तर ट्रॅक्टर मिळते, तुझ्यात डिझेल कोण टाकते?) आरती मॅडम म्हणाल्या, सर, मार्केट डाऊन आहे, आणि दुसरा एक कँडिडेट आहे, तो तीनशेत तयार आहे. मी दोनशे ऐंशी म्हणालो. चार दिवसांनी फोन : सर, तो अडीचशे म्हणतोय. मी सव्वादोनशे. मग तो दोनशे, मी एकशे ऐंशी. हे सगळे फोन मी गच्चीवर उभं राहून घेतले, कारण खाली रेंज नाही. शेजारच्यांची बकरी नेमकी भावाच्या वेळी ओरडते. एकदा मॅडमनी विचारलंच, सर, तुम्ही ऑफिसमध्ये आहात ना? मी म्हणालो, क्लायंटकडे आहे. बकरीनं दुजोरा दिला.

त्या दुसऱ्या कँडिडेटचा मला जो राग आला तो तुला काय सांगू! कोण, कुठला, काही माहीत नाही, पण मी त्याला घडवून टाकला. जाड भिंगाचा चष्मा, बापाचा पेट्रोलपंप, आणि प्रोग्रॅमिंग आपलं हौसेखातर. पोट भरलेल्या माणसाशिवाय इतक्या खाली कोण येईल? दीड महिना मी त्याला रोज नवीन शिव्या दिल्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या उर्दूत. उर्दूतल्या जास्त लागतात, पण त्या तुला समजावून सांगाव्या लागतील. रात्री जेवताना सुद्धा मी त्याचा विचार करायचो. आज काय खात असेल? उद्या किती म्हणेल? माणूस प्रेमात पडला तरी एवढा विचार करत नाही.

मग एजन्सीनं चाचणी मागितली, फुकटातली. विम्याचे हप्ते काढायचा एक छोटा प्रोग्रॅम. तो लिहिताना आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची फार आठवण आली. ते ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर! प्रोग्रॅमच्या मधेमधे पुढच्या माणसासाठी सूचना लिहायच्या असतात (संगणक त्या ओळी वाचतच नाही), त्या तू रोमन अक्षरांत पण ठार वऱ्हाडीत लिहायचास. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यातली एक मोठ्यानं वाचायला लावली, आणि तू ती उभं राहून, कवितेसारखी वाचलीस. आपले सर लाल झाले. मार्क मात्र दोघांचेही कापले, ते मी अजून विसरलो नाही.

गुरुवारी मी आरती मॅडमना म्हणालो, चाचणीत नेमकं काय हवंय ते कळत नाही. बाईंनी मदत म्हणून त्या दुसऱ्याची फाइल मला पाठवून दिली. वरचं नाव काळजीपूर्वक पुसलेलं होतं. मी फाइल उघडली. काम स्वच्छ होतं, माझ्यापेक्षा स्वच्छ. ती शेवटपर्यंत वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बाजारात जाऊन अब्बांजवळ उभा राहिलो.

अब्बा कामात होते. तू पाहिलंयस ना, विकणारा आणि दलाल हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव करतात? तोंडानं आकडा निघत नाही. लहानपणी मला वाटायचं, रुमाल म्हणजे इज्जत. कुणाच्या बैलाला किती कमी आले हे चारचौघांत कळू नये म्हणून. काम झाल्यावर चहा पिताना मी अब्बांना तसं म्हणालो. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "रुमाल दलाल का होता है, बेटा." आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी पातूरकडचे दोन भाऊ आले होते. घराच्या वाटण्या झालेल्या, जोडीतला एकेक बैल एकेकाच्या वाट्याला. दोघे वेगवेगळ्या रस्त्यानं आले, बाजाराच्या दोन टोकांना थांबले, आणि दोघांनीही अब्बांना एकच सांगितलं, "माह्या भावाले भाव कळू देजा नोका." अब्बांनी कळू दिला नाही. मोठ्याच्या हाताला हात लावला तेव्हा सांगितलं, तिकडं एक जण याहून कमीत द्यायला तयार आहे. धाकट्यालाही तेच. दोन्ही बैल एकाच गिऱ्हाइकाला स्वस्तात गेले. त्यानं ते तिथंच गाडीला जुंपले, तर दोन्ही बैल आपोआप आपापल्या बाजूला जाऊन उभे राहिले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. तेव्हा कुठं ते भाऊ जवळ आले. धाकट्यानं विचारलं, "दादा, तुले किती भेटले?" मोठ्यानं दोन हजार वाढवून सांगितले. मग धाकट्यानंही अडीच हजार वाढवले. खरा आकडा फक्त अब्बांना माहीत होता. मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? अब्बा म्हणाले, दलाली घेतली. दोघांकडूनही, पूर्ण.

मला अब्बांचा राग आला नाही. वाईट वाटलं, आणि हेही वाटलं की चहाच्या टपरीवर मुलाला ही गोष्ट सांगायला हिंमत लागते. त्या भावांनी सकाळी एकमेकांना नुसतं विचारलं असतं तर दोघांचंही भलं झालं असतं. पण विचारणार कसं? भाव पडलेल्या वर्षी माणसाला स्वतःचा आकडा सांगायची लाज वाटते. चांगल्या वर्षी तो न विचारता सांगतो.

असो. पत्र लांबलं. तुझ्या आईला, मनकर्णाकाकूंना माझा नमस्कार. उत्तर लिहिताना पानं वाचवू नको.

तुझाच,
वकार

ता. क. जोशांदा पुण्याला कुरिअरनं जातोय असं अम्मीला वाटतंय. हे पाकीट आणि पुड्या माझा मामेभाऊ हसनैन उद्या सकाळी तुझ्या अमरावतीच्या घरी आणून देईल. तो आलू-कांद्याची गाडी घेऊन तुमच्या इतवारा बाजारात येतो. तिथंच त्यानं पंधरा दिवसांपूर्वी तुला मेथीच्या दोन जुड्या हातात घेऊन भाव करताना पाहिलं. मी म्हणालो, तुझी नजर चुकली असेल, श्याम पुण्यात आहे, मास्क लावून ऑफिसला जातो.

आणखी एक ता. क. आरती मॅडमनी त्या फाइलीतलं नाव पुसलं, पण बाईंना प्रोग्रॅम कुठं वाचता येतो. एकशे चाळिसाव्या ओळीवर लिहिलंय : "याले हात लावू नोको. काहून चालून रायलं, मले बी मालूम नाई." ती ओळ मी परीक्षेत तुझ्या तोंडून ऐकली होती, लेका. जगात दुसरं कोण असं लिहील? पेट्रोलपंपाचे शब्द मागे घेतो. जाड भिंगाचा चष्मा तेवढा बरोबर निघाला. म्हणजे दीड महिना आपण दोघंच एकमेकांना खाली ओढत होतो, तू अमरावतीतून, मी अकोल्यातून, आणि दोघांच्याही बायोडाट्यावर पुणे.

शेवटचा ता. क., आणि ज्यासाठी पत्र लिहिलं ते हेच. फाइल गुरुवारी आली. शुक्रवारी मॅडमचा फोन आला, की दुसरा एकशे पस्तिसावर आलाय. तो दुसरा तू आहेस हे मला तेव्हा माहीत होतं, अब्बांची गोष्टही आदल्याच दिवशी ऐकलेली होती, आणि तरी मी एकशेवीस म्हणालो. तोंडातून निघून गेलं असं लिहिणार होतो, पण तसं नाही, मी विचार करून म्हणालो. हे तुला फोनवर सांगायला दोनदा नंबर लावला आणि दोन्ही वेळा जोशांद्याबद्दल बोलून ठेवून दिला. आता ऐक. सोमवारी अकरा वाजता (वेळ तिनंच मला सांगितली) बाई तुला फोन करेल आणि म्हणेल, दुसरा एकशेवीसवर आलाय. तू तीनशे म्हण. मला करेल तेव्हा मीही तीनशे म्हणेन, बकरी ओरडली तरी. काम कुणालाही मिळालं तरी दोघांनी करायचं, पैसे निम्मे-निम्मे. तिसरा कुणी खरोखरच असला तर काम त्याला जाईल आणि पोळ्यानंतर मी बाजारात उभा राहीन, तेही मी अब्बांना सांगून ठेवलंय. आणि हे पत्र पोचायच्या आत तू एकशेदहा म्हणून बसला असशील, तर लपवू नको, लगेच कळव. मला जरा बरं वाटेल.