उलटा पंखा

प्रिय वस्ताद,

'प्रिय' हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलंय, राग गेला असं समजू नकोस. राग आहे, चांगला भरपूर आहे, आणि फोनवर तो मला कधी नीट काढताच येत नाही. मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तू म्हणतोस, बॉनेट उघड आणि फोन इंजिनाजवळ धर. मी मुकाट्याने धरते. तिकडे कारखान्याच्या आवारात कुठेतरी उभा राहून तू डोळे मिटून ऐकत असणार. इंजिन घुरघुरतं, तू हं हं करतोस, आणि माझी पाळी येईपर्यंत तुझी जेवणाची सुट्टी संपलेली असते. म्हणून आज कागद घेतला. हा काही इंजिनाजवळ धरता येणार नाही.

मागच्या आठवड्यात बाबांना घेऊन दवाखान्यात निघाले होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा पाय किती कष्टाने वळणावर आलाय ते तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बजावलंय की खाडे झाले तर पाय पुन्हा आखडेल आणि मग मात्र त्यांच्या हातात काही राहणार नाही. बस बंद झाल्यापासून आपल्या घरापासून तालुक्यापर्यंत न्यायला ही गाडी सोडली तर दुसरं काही नाही. तर चढण अर्धी चढली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. समोर एकही दिवा लागला नाही, काटा नाही, काही नाही. बाबांना रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं, डोक्यावर माझी ओढणी धरली, आणि एक ट्रॅक्टरवाला येईपर्यंत आम्ही दोघं उन्हात भाजत राहिलो. त्याने दोर बांधून ओढत घरी आणून सोडलं. वाटेत बाबा तुझी बाजू घेत होते, गाडी जुनी झाली, तो तरी काय करणार, वगैरे. मी तोंड उघडलं असतं तर ते तुझे बाबा आहेत हे विसरले असते.

तालुक्याचा गॅरेजवाला हातापाया पडून घरी आणला. त्याने आत डोकं घातलं, बराच वेळ बाहेरच काढलं नाही, आणि काढलं ते हसतच. म्हणाला, ही गाडी मी धरणार नाही, ज्याने केलंय त्यालाच बोलवा. त्याने बोटाने एकेक दाखवलं तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी काय चालवत होते. इंजिन तापलं की आपोआप पंखा सुरू करणारा सेन्सर तू काढून टाकलास आणि स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, एक बटण बसवलंस. चढण आली की ते दाबायचं. तुला ठाऊक, तू दाबणार. मला कुणी सांगायचं? आजवर गार हवेत निभावलं, या उन्हात नाही निभावलं. तापल्याचा दिवा उगाच लागतो म्हणून त्याचा बल्बच काढून ठेवलास. वायपर चालू असताना हॉर्न वाजत नाही, डिकी मागच्या सीटखालची दोरी ओढल्याशिवाय उघडत नाही, पेट्रोलचा काटा पावावर आला की टाकी रिकामी असते. हे सगळं तुझ्या डोक्यात, आणि तू तिकडे बाटल्यांच्या कारखान्यात. जाताना किल्ली तेवढी माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, आता गाडी तुझी.

माझी कुठली? तू मला गाडी शिकवलीस ते आठवतंय? शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर, आपलं लग्न नवं नवं होतं तेव्हा. स्टिअरिंगवर मी होते आणि हँडब्रेकवर तुझा हात होता. एकदाही काढला नाहीस. मला तेव्हा ते फार प्रेमाचं वाटलं होतं, आणि प्रेमच होतं बहुतेक, पण गाडी काही मी चालवत नव्हते.

म्हणून ठरवलं की आता मीच शिकणार. सोपं नव्हतं, आणि मजा येते वगैरे कुणी म्हणत असेल तर त्याला माझ्या बोटांची सालं दाखव. पाना निसटला की कोपर जाऊन कुठेतरी आपटतं. जो स्क्रू हवा तो नेमका खाली पडतो आणि गाडीच्या आतच कुठेतरी राहायला जातो. मोबाईलवर एक माणूस सगळं दाखवतो, पण त्याची गाडी धुतलेली आणि त्याचे हात स्वच्छ. त्यात आपल्याकडे रेंज नाही, व्हिडिओ मधेच गोल गोल फिरत थांबतो, आणि तोवर माझ्या बाहीत रेडिएटरचं पाणी गेलेलं असतं. सुट्या भागांच्या दुकानात नवा सेन्सर मागितला तर दुकानदार माझ्या मागे बघायला लागला, कुणी पुरुष उभा आहे का म्हणून. बसवणार कोण, असं विचारलं त्याने. मी म्हटलं मी. तर म्हणे, साहेबांना फोन लावून द्या, मी समजावतो. तिथेच दोन शब्द सुनावले असते, पण सेन्सर त्याच्याकडेच होता.

आणि मदतीला कोण, तर तुझे बाबा. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला माणूस. पायाचं दुखणं विसरून ते रोज सकाळी स्टूल टाकून गाडीसमोर बसायला लागले. बोल्ट घट्ट करू का विचारलं तर म्हणायचे, आधी टाचून बघ, मग पक्कं कर. मी वैतागायचे, ते शांत बसून असायचे. पंख्याच्या तारांवर तू काळ्या टेपचे जे गोळे करून ठेवलेस ते कापायचे होते, कारण एक सांधा सैल झाला होता. कुठली तार कुठे जायची याची खूण हवी म्हणून बाबांनी दोऱ्याचं रीळ आणलं. पंख्याकडच्या डाव्या तारेला त्यांनी पांढरा दोरा बांधला, पलीकडच्या डाव्या तारेला मी बांधला. मग कापलं, साफ केलं, आणि पांढऱ्याला पांढरा जोडला. बटण काढून टाकलं, सेन्सर बसवला, दिव्यात बल्ब घातला. इंजिन तापल्यावर पंखा आपला आपण सुरू झाला तेव्हा मी अंगणात ओरडलेच.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर पुन्हा तापली. या खेपेला दिवा तरी लागला, एवढीच प्रगती. मी खाली उतरून टायरला लाथ मारली, मग रडले, आणि बाबांसमोर रडले म्हणून आणखी चिडले. पंखा फिरताना दिसत होता, मग घोडं अडलं कुठे? बाबा तोवर काठी टेकत बॉनेटपुढे जाऊन उभे राहिले होते. म्हणाले, गरम वारा माझ्या अंगावर येतोय. त्यांनी खिशातून मलमलीची चिंधी काढून पुढच्या जाळीसमोर धरली. जाळीला चिकटायला हवी होती ती फडफडत बाहेर आली. पंखा उलटा फिरत होता! वारा आत ओढायचा सोडून बाहेर फेकत होता. आणि का, तर शिंप्याच्या लेखी डावं म्हणजे कपडा घालणाऱ्याचं डावं. बाबांनी गाडीचं डावं धरलं होतं, आणि मी तिच्यासमोर उभी राहून माझं. दोन्ही पांढरे दोरे चुकीचे जुळले. बाबा इतके ओशाळले की मला हसू आलं, आणि ते हसू थांबेना. तिथेच रस्त्यावर, इंजिन थंड झाल्यावर, तारा अदलाबदल केल्या. चढण चढलो. दवाखान्यात थोडे उशिरा पोचलो, पण पोचलो. बाईंनी बाबांना आधाराच्या दांड्या सोडून चालवलं.

परतताना मी काय काय बडबडत होते. आता ब्रेकचं बघणार, हॉर्नचं बघणार, तुझी एकेक कारागिरी उपटून काढणार. बाबा चिंधीची घडी घालत ऐकत होते. घराच्या वळणाशी आल्यावर म्हणाले, "आता तो येईल कशाला गं?"

गाडी उभी केली, त्यांना उतरवलं, स्वयंपाकाला लागले. पण ते वाक्य गेलं नाही. आठवून बघ, तू मागच्या वेळी आलास ते क्लच गेला म्हणून. त्याआधी सायलेन्सर गळून पडला म्हणून. आलास की थेट गाडीखाली. आम्हाला दिवसभर तुझे पायच दिसतात. काळ्या हातांनी जेवतोस, झोपतोस, पहाटे निघतोस, आणि बाबा दारात उभे राहून गाडी छान झाली, छान झाली म्हणत राहतात. मधे कितीतरी दिवस गाडी बिघडली नाही, तर तू फिरकलाही नाहीस. तुला आमची काळजी नाही असं मी म्हणत नाही. तुला नुसतं घरी येता येत नाही, हातात काही काम लागतं, असं मला आता वाटतं. आणि मीही कधी नुसतं ये म्हटलं नाही. गाडीचं निमित्त पुरत होतं.

हे पत्र त्यासाठीच आहे. गाडी ठीक आहे. पंखा सरळ फिरतो, दिवा लागायचा तेव्हा लागतो, ब्रेक मी येत्या आठवड्यात बघेन आणि जमेल मला ते. तेव्हा यापुढे फोनवर कसला आवाज येतोय विचारू नकोस, आवाज येत नाही. तुला बोलवायला आता माझ्याकडे एकही बिघाड उरलेला नाही. घरात मी आहे आणि बाबा आहेत. तेवढ्यावर येशील का?

तुझीच