आवाज न करणारं चुंबक

बाबा, मागच्या महिन्यात कुडाळला जाऊन मी माशांच्या टाकीची काच साफ करायचं चुंबक घेऊन आले. तू हसशील. देवबागला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि तुझ्या लेकीने घरात काचेच्या पेटीत पाणी भरून ठेवलंय, वर ते हिरवं होतं म्हणून जिवाला घोर. टाकी मुळात पाहुण्यांसाठी होती. घराच्या पुढच्या दोन खोल्या मी आता पर्यटकांना देते, त्यांच्या पोरांना बघायला म्हणून गोल्डफिश आणले. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हा टाकी तिच्या खोलीत नेली. खिडकीबाहेर बघ म्हटलं की ती भिंतीकडे तोंड करते. माशांकडे मात्र बघते. जन्मभर मेलेले मासे विकलेस, आता जिवंत बघ, असं मी चिडवायचे तेव्हा थोडी हसायचीसुद्धा. हल्ली तिला माझं नावही रोज आठवतंच असं नाही.

खाडीकडच्या खिडकीतून ऊन थेट टाकीवर येतं आणि आठ दिवसांत काचेवर शेवाळ धरतं. ते मी लांब दांड्याला लावलेल्या लोखंडी पत्तीने खरवडायचे. एकदा खरवडत असताना आई मागून म्हणाली, "हे होडी खरवडतत मा?" मी म्हटलं, "नाय गो, मी काच घासतंय." तिने ऐकलंच नाही. जेवायच्या वेळी पेजेची वाटी तोंडाशी नेली तर तिने ओठ मिटून घेतले. "तेंका येवंदे आधी. अजून सुकती आसा."

तुला हे सांगायला नको, पण मला लिहायचं आहे. सुकतीला पाणी उतरलं की तू होडी वाळूवर आडवी करून तिचा तळ खरवडायला घ्यायचास. भरतीचं पाणी परत येईपर्यंत काम उरकायचं, मधे जेवायला उठायचं नाही. आणि तू जेवल्याशिवाय ती जेवायची नाही. घर किनाऱ्याला इतकं लागून की तुझी खर्र खर्र चुलीपर्यंत ऐकू यायची. आवाज चालू तोवर ती उपाशी, थांबला की ताट वाढायचं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. भाकरी आणि तळलेला बांगडा फडक्यात बांधून मी तुझ्याकडे येते, म्हणते, बाबा, खाऊन घे, आई सकाळपासून नुसत्या चहावर आहे. तू मान वर करत नाहीस. "पाणी कोणासाठी थांबाचा नाय गो. घराक जा." मासळी वाळत घालणाऱ्या चार बायकांच्या देखत. मी रडत घरी आले, तर आईने मलाच दटावलं, कामाच्या माणसाला सतावू नये म्हणून. पाणी थांबत नाही हे खरं, बाबा. पण 'तू जेवून घे' एवढं तिला सांगायला असा किती वेळ लागला असता? गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला राग येतो.

शेवटच्या दिवशीही तेच झालं. दुपारी आवाज थांबला, म्हणून तिने ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला. तू होडीच्या पलीकडच्या अंगाला पडला होतास आणि भरतीचं पाणी तुझ्या पायांना लागेपर्यंत कोणाला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली, तिथल्या तिथे गेले. तेवढा सगळा वेळ ती ताट झाकून बसली होती. एकदाही उठून बघायला गेली नाही, कारण कामाच्या माणसाला सतावायचं नसतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, आणि त्यानंतर किनाऱ्याकडे ती कधी गेली नाही.

चुंबक येईपर्यंत मी पत्ती चालवली की तो सगळा दिवस ती उपाशी. "ते जेवले" असं खोटं सांगून पाहिलं. "माका न सांगता?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. काच खरवडली नाही तर मासे दिसेनात, मग ती पडल्या पडल्या हात लांब करून हवा पुसत राहायची. अंगावर मांस उरलं नव्हतं. गावातल्या नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अशीच पोट मारत राहिली तर फार दिवस काढायची नाही.

म्हणून कुडाळ गाठलं. दुकानदाराने आधी काच किती जाड ते विचारलं. चुंबकाचा एक तुकडा आत, एक बाहेर. काच जाड आणि चुंबक अशक्त असेल तर आतला सुटून तळाला जातो, फार ताकदीचं असेल तर ओढता ओढवत नाही. सुटला तर वर तरंगणारा घ्या म्हणाला, आणि मधे वाळूचा कण जाऊ देऊ नका, काचेवर कायमचा ओरखडा पडेल. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज येता काय?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाय, आवाजाचा अजून कोणी इचारूक नाय." मग त्याने दुकानातल्या टाकीवर तीन-चार चुंबकं फिरवून दाखवली. मी काचेला कान लावून उभी होते. मधल्याचा आवाज येत नव्हता, तेच घेतलं.

महिना झाला, ती जेवते आहे. सकाळी पेज, दुपारी मऊ भात, कधी सुरमईचा काटा काढलेला तुकडा. नर्सबाई खूश आहेत. पण या महिन्यात तिने तुझं एकदाही विचारलं नाही. घरात तुला ओळखणारी आम्ही दोघीच, त्यातली एक गप्प झाली. इतकं सुनं मला तू गेलास तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान ती तुझ्याबद्दल बोलायची.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. परवा दुपारी काच स्वच्छ होती, सकाळीच मी चुंबक फिरवलं होतं. तरी कपाटातून पत्ती काढली आणि खरवडू लागले. आईने डोळे उघडले. "हे होडी खरवडतत मा?" मी म्हटलं, "होय." मग तिचा भात झाकून ठेवला आणि तिच्या शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत ती जेवली नाही, आणि मीही तिला जेव म्हटलं नाही.