भिंतीवरची हाव

निलंगा, मंगळवार, दिवेलागण

बस स्टँडच्या भिंतीवर खडूनं माझं नाव लिहिलंय. सुमन, शिवणकाम. आणि खाली एवढ्या मोठ्या अक्षरात 'हाव'.

चूक माझीच. पुण्याची एक चित्रकार पोरगी गावातल्या बायांना एकेक आवडता शब्द विचारून ती भिंत रंगवणार आहे. मशीनच्या आवाजात मला नीट ऐकूच आलं नाही. वाटलं, भाग घेणार का विचारतेय. जन्मात कशात पुढं झाले नाही, म्हटलं या खेपेला होऊ. म्हणाले, "हाव." तिनं तोच शब्द लिहून घेतला.

आमच्याकडं हाव म्हणजे हो. पण वाचणारा काय वाचेल? मागच्या साली बापाच्या शेतात हिस्सा घेतला, तेव्हा भावजय चारचौघांत म्हणाली होती, "लई हाव सुटली हिला." भाऊ रोज त्याच स्टँडवरून लातूरची गाडी धरतो.

फोन केला तर पोरगी म्हणाली, "काकू, रंग उद्या दहाला भरणार. तोवर पुसा, दुसरा शब्द द्या." दुसरा कोणता? माया? समाधान? लिहून बघितले. एकही माझा वाटेना. तरी पुसायला फडकं पिशवीत टाकलंय.

आणि आता हे आठवून राहिलंय. तहसीलमध्ये साहेबांनी विचारलं होतं, "बाई, हिस्सा पाहिजेच का?" भाऊ शेजारी उभा.

तेव्हाही तोंडातून एवढाच एक शब्द निघाला होता.