वाईट बातमी कार्यक्रमानंतर

प्रिय धाकटे,

फोनवर तुझी ती कुजबूज मला ऐकवत नाही, म्हणून लिहितोय. खरं तर तुझ्याशी बोलायला मला तोंडच नाही.

ऑफिस अजून तसंच आहे. दोन खोल्या, भिंतभर कलाकारांचे फोटो आणि बाबांची कुरकुरणारी खुर्ची. जादूगारापासून गायकापर्यंत सगळ्यांची कामं आपण ठरवायची, पण कलाकाराचा प्रत्येक फोन, प्रत्येक पाकीट आधी आपल्या टेबलावर यायचं, ही बाबांची शिस्त. आणि वाईट बातमी कार्यक्रमानंतरच सांगायची. त्या नकलाकाराची बायको गेली, तेव्हा बाबांनी त्याला दोन तास लोकांना हसवू दिलं आणि मग विंगेत मिठी मारली. केवढे मोठे वाटले होते बाबा आपल्याला! आई गेल्याचं तुलाही शेवटचं गाणं झाल्यावरच सांगितलं. तू चकार शब्द काढला नाहीस, याचं बाबा गावभर कौतुक करत फिरले. आज त्या कौतुकाची शिसारी येते.

अकरा वर्षांपूर्वी, तुझ्या मोठ्या दौऱ्याआधी, घशाच्या डॉक्टरांचं पाकीट आलं होतं. दोन महिने गाणं बंद, नाहीतर आवाज जाईल, असं स्पष्ट लिहिलं होतं. बाबा अंथरुणाला खिळलेले, टेबलावर मी. चाळीस कार्यक्रम ठरलेले. मी पाकीट खणात टाकलं आणि तुला सांगितलं, सगळं ठीक आहे. एकतिसाव्या कार्यक्रमात तुझा आवाज गेला. पथ्य पाळलं नाही म्हणून तू स्वतःलाच बोल लावत राहिलीस आणि मी शेजारी बसून मान डोलावली. इतका नीच झालो मी.

काल तसंच पाकीट तुझ्या लेकीचं आलं. या वेळी मी ते तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, पर्समध्ये कोंबलं आणि म्हणाली, दौरा झाल्यावर बघू, मामा. आईने हयगय केली, मी काळजी घेते. दौरा रद्द केलास तर दुसऱ्या एजन्सीकडून गाईन, असंही बजावलं. खरं सांगायला गेलो, तर जीभच उचलेना. सोमवारी तिचा पहिला कार्यक्रम आहे. हे पत्र तिच्यापुढे ठेव, तुझं ती ऐकेल. पत्र घेऊन आलेला ड्रायव्हर गाडीसह तुझ्या दारात थांबलाय. आत्ताच्या आत्ता तिच्याकडे जा, माझं तोंड पुन्हा पाहिलं नाहीस तरी चालेल.

तुझाच,
दादा