एवढ्याशा ओहोळाला एवढी मोरी

६ जानेवारी

नव्या साहेबांनी आज तीन जंगलं जोडली. सव्वाअकराला सुरुवात, चहाच्या आत काम फत्ते! भिंतीवरचा नकाशा, हातात जाड हिरवं पेन, उत्तरेच्या डोंगरापासून दक्षिणेच्या राखीव जंगलापर्यंत एक सरळ रेघ — झाला कॉरिडॉर. बिबट्या इथून निघणार, तिथे पोचणार. वाटेत दूध शीतकरण केंद्र आहे, दोन वसाहती आहेत, एक शाळा आहे. बिबट्याने बहुधा शाळेत नाव घालायचं आणि वरच्या वर्गातून पलीकडे निघायचं.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. सत्तावीस वर्षं वन खात्यात नकाशे काढते आहे, टाळी कधी वाजवायची एवढं तरी कळतं.

साहेब डॉक्टर आहेत — रानकुत्र्यांवर प्रबंध लिहून झालेले. शिपायाने पहिल्याच दिवशी त्यांना कंबरदुखीवर औषध विचारलं. रानकुत्र्यांबद्दल विचारलं असतं तरी तेवढाच गुण आला असता.

८ जानेवारी

बैठकीत 'कॉरिडॉर' हा शब्द एकेचाळीस वेळा. 'रस्ता' एकदाही नाही.

१३ जानेवारी

रस्ता बघायला गेले. साहेबांना परिसंवाद होता. माझ्याबरोबर वनरक्षक — बावीस वर्षं त्याच पट्ट्यात पायी फिरणारा, म्हणून कुठल्याच बैठकीला न बोलावलेला.

घोडं पेंड खातंय ते महामार्गापाशी. अलीकडे जंगल, पलीकडे जंगल, मध्ये मैलोन्‌मैल मातीचा उंच भराव, त्यावर वाहनांची रांग. ओलांडायला गेलं की चेंदामेंदा. आज एक उदमांजर आणि एक कोल्हा — कोल्हा होता हे शेपटीवरून ओळखायचं.

मार्चमध्ये रुंदीकरण सुरू होतंय. आमच्या आराखड्यात जनावरांची वाट जिथे दाखवली असेल तेवढंच रस्तेवाले मोकळं सोडणार, बाकी सगळं बुजवणार. आणि साहेबांची रेघ महामार्ग ओलांडते तिथे भरावाखालून वाटच नाही, नुसती माती! म्हणजे आपल्याच सहीने दार बंद करून कडी घालायची.

वनरक्षक म्हणाला, जनावरं कुठून जातात ते त्याला ठाऊक आहे, कुणी विचारलं नाही इतकंच. भरावाखालून जुनी मोरी आहे, चौदा नंबरची. तिथे घेऊन गेला. ओहोळ वीतभर, आणि मोरी अशी की आतून ट्रक जाईल. ओल्या वाळूत पावलंच पावलं.

"बाई, एवढ्याशा ओहोळाला एवढी मोरी कुणी बांधली असेल हो?"

मला माहीत होतं. मी पावलं मोजायला लागले.

१४ जानेवारी

लिहून टाकते. बाबांनी बांधली.

मी बारा वर्षांची होते. बाबा रस्ते खात्यात इंजिनिअर. मोरी झाली आणि चौकशी लागली — गरजेच्या दसपट मोरी कशाला? ठेकेदाराचं पोट भरायला? बाबा एक अक्षर बोलले नाहीत. बढती गेली, कुठल्याशा गोदामावर बदली झाली. शाळेत मी 'मोरीवाल्याची पोर'. चुलतकाका तर चारचौघांत विचारायचा, हत्तीला आंघोळ घालायचीय का रे त्यात? आई एकदाच विचारताना ऐकली — तुम्ही खाल्लेत का? बाबांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले.

न बोलणारा माणूस दोषी, असं मी ठरवून टाकलं. धाकट्या भावानेही तेच ठरवलं आणि नोकरी लागल्यावर घरच सोडलं. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत. ब्याऐंशी वर्षांचे. गोळ्या देते, वर्तमानपत्र देते. बाकी आमचं बोलणं म्हणजे — दार लावलं का, गॅस बंद आहे ना.

२४ जानेवारी

दहा दिवस कॅमेरे लावले होते. मोरीत — साळिंदर, कोल्हे, सांबराची मादी पिल्लासह, आणि बिबट्या तीन वेळा. घरच्यासारखा, कसलीही घाई नाही.

साहेबांच्या रेघेवर — एक शेळी, आणि साहेबांचाच ड्रायव्हर, आडोशाला आलेला.

२९ जानेवारी

फोटो टेबलावर मांडले. म्हटलं, रेघ चार किलोमीटर पश्चिमेला सरकवा, मोरीवरून न्या. साहेब म्हणाले, नियोजन भावनेवर होत नसतं. शेळीकडे बघून भावना कुणाची उचंबळली ते विचारायचं राहिलं.

मग रस्ते खात्याचा इंजिनिअर सरसावला. ती मोरी बुजवायचीच आहे म्हणाला, खात्याला काळिमा आहे तो. नव्या पोरांना दाखला देतात — खाबूगिरी कशी दिसते बघा. आणि हसला. कोण तो महाभाग होता, नाव विसरलो म्हणाला.

"माझे वडील," मी म्हटलं.

इंजिनिअर समोरचे कागद चाळायला लागला.

का बोलले कोण जाणे. चाळीस वर्षं मीही तेच म्हणत आले, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मिरची झोंबली. मग तोंड सुटलंच. म्हटलं, जनावरांसाठी बांधली होती ती! तुमचा कॉरिडॉर शब्द जन्मायचा होता तेव्हा, पण त्यांना रान माहीत होतं.

हे कशावरून म्हटलं? कशावरूनही नाही. तोंडाला आलं ते ठोकून दिलं.

साहेबांनी डोळे मिटले आणि "दूरदृष्टी" म्हणाले. वारा वाहील तशी पाठ! पाच मिनिटांत मोरी त्यांनीच शोधल्यासारखी झाली. पण रेघ सरकली.

५ फेब्रुवारी

आराखडा मंजूर. मोरी राहणार, रस्ता रुंद होईल तेवढी तीही लांब करणार, दोन्ही बाजूंना कुंपण. आणि वीस तारखेला बाबांचा सत्कार — मोरीच्या तोंडाशी, मंडप घालून, लाउडस्पीकर लावून! आठवडाभर एक जनावर तिथे फिरकणार नाही. पण सांगतो कोण.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, स्लॅबला कुठे तडा गेलाय का. नाही म्हटलं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

६ फेब्रुवारी

रात्रंदिवस तेच डोक्यात. खरंच जनावरांसाठीच बांधली असेल का? नाहीतर गप्प का राहावं कुणी?

११ फेब्रुवारी

बाबांना मोरीवर नेलं. काठीने भिंत ठोकत ठोकत आत गेले, सांधे बघितले, छत बघितलं. वनरक्षकाने वाळूतला पंजा दाखवला. गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"हा रोज जातो इथून?"

"बहुतेक रोज, साहेब."

चाळीस वर्षांनी कुणी त्यांना साहेब म्हटलं असेल. परतताना गाडीत मी म्हटलं, बाबा, मी तुम्हाला चोर समजत आले. चुकलं माझं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. माफीची भाषाही नको या माणसाला, असं वाटून माझेच डोळे भरले. माझे! ऑफिसात कळलं तर सुट्टी जाहीर करतील.

१२ फेब्रुवारी

धाकट्याला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. शेवटी म्हणाला, येतो सत्काराला. आई गेली तेव्हा आला होता, त्यानंतर आता नऊ वर्षांनी येतोय.

१८ फेब्रुवारी

साहेबांनी मानपत्राचा मजकूर पाठवला. 'द्रष्टे', 'ऋषितुल्य', 'मूक प्राण्यांचे कैवारी'. ऋषितुल्य खोडलं. बाकीचं ठेवलं. मला आवडलं — कबूल करते.

१९ फेब्रुवारी

बाबांना मानपत्र वाचून दाखवत होते. 'द्रष्टे'पाशी त्यांनी हात वर केला.

"दशांशाचं टिंब चुकलं होतं. पुराच्या पाण्याच्या गणितात. दसपट आलं. वरच्यांनी न वाचता सह्या केल्या. माझ्या लक्षात आलं तोवर स्लॅब भरून झाला होता."

जनावरं? मनातसुद्धा नव्हती म्हणाले.

"मग चौकशीत सांगितलं का नाहीत?"

"चोर म्हणाले, ते सोसलं. गणित येत नाही म्हणाले असते, ते सोसलं नसतं."

आईलाही नाही सांगितलं.

धाकटा तिकडून गाडीत बसलाय, सकाळी पोचेल. बाबा उद्या माइकवर हेच सांगणार आहेत. नको म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही. त्यांच्या सदऱ्याला इस्त्री केली.