चौदा नंबरची रायफल

८ जानेवारी, मंगळवार

उणे एकतीस! कॅमेरा गारठून बंद पडला. दिग्दर्शकाचं तोंड मात्र चालूच. "टाइस्टो, तुझ्या रायफली चालतात आणि माझा कॅमेरा का नाही?" म्हटलं, माझ्या रायफलींनी एकोणीसशे एकोणचाळीसचं खरं युद्ध काढलंय बाबा, तुझ्या कॅमेऱ्याने काय काढलंय?

सिनेमासाठी साठ रायफली. सगळ्या खऱ्या. काडतुसं तेवढी फुसकी. दारू आहे, गोळी नाही. तरी कुणावर थेट रोखायची नाही, जरा बाजूला धरायची. रोज सकाळी हे सांगून सांगून घसा बसतो.

बोटांचं काही खरं नाही. उजव्या हाताची तीन बोटं मेल्यासारखी झालीत. डॉक्टरीणबाई ऑक्टोबरातच म्हणाल्या होत्या, "गारठ्यातलं काम बंद करा." आणि काय करू? घरी बसून खिडकीतून खारी मोजू? कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या हाताखालच्या मिर्वालाही नाही.

१० जानेवारी, गुरुवार

मिर्वाशी जुंपली. पार सगळ्यांच्या देखत.

नियम असा, की रोज सकाळी प्रत्येक नळीत गज घालून आरपार काढायचा, आत काही अडकलेलं नाही ना बघायला. एकाने काढला की दुसऱ्याने पुन्हा, मग कागदावर दोघांच्या सह्या. मी आज अठ्ठावीस केल्या, आणि ही पोरगी त्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस परत करायला बसली!

"माझ्यावर भरवसा नाही का?"

"भरवशाचा प्रश्न नाही, म्हातारबुवा. नियम तुम्हीच शिकवलात."

"तू नाक पुसायला शिकत होतीस तेव्हापासून मी हे करतोय!"

सगळे खाली बघायला लागले. जेवताना वाटाण्याचं सूप गार होऊन गेलं, तिने चमचा लावला नाही. अकरा वर्षं माझ्या हाताखाली काढली तिने. एक मार्चला मी निवृत्त, मग सगळं तिचंच: रायफली, गाडी, परवाना. तो शस्त्रांचा परवाना मिळवायला तिला चार वर्षं लागली. मला तिचा राग आलाच नव्हता. राग बोटांचा होता.

११ जानेवारी

माफी मागायची होती. राहून गेली.

१४ जानेवारी, सोमवार

चौदा नंबरचा बोल्ट, काडतूस आत सरकवणारा दांडा, दिवसभर अडकत होता. दारूची काजळी. चारला काम संपलं, सगळे सॉनात वाफ घ्यायला पळाले. बाहेरच्या शेडमध्ये साफ करायला बसलो, तर चिंधीसुद्धा धरता येईना. दोनदा गज पडला हातातून.

मग रायफल आत आणली. माझ्या खोलीत, शेगडीजवळ.

गार बंदूक उबेत आणायची नाही, हे इथे सैन्यात गेलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात कळतं. पाणी सुटतं, बाहेर नेली की गोठतं. मी स्वतः हजार वेळा ओरडलोय यावरून. पण बोटांना ऊब मिळाली आणि काय सुख झालं, काय सांगू! किटलीतलं उकळतं पाणी नळीतून सोडलं, काजळी सगळी निघाली. पुसली. शेडमध्ये नेऊन कोपऱ्यात तोंड खाली करून ठेवली, उरलंसुरलं पाणी निथळावं म्हणून.

१५ जानेवारी

इल्पोचा डोळा गेला.

१६ जानेवारी, बुधवार

काल एका ओळीपुढे लिहवलं नाही.

इल्पो म्हणजे गावातल्या शाळेचा सुतारकामाचा मास्तर. आमच्या सिनेमात शत्रूचा शिपाई झाला होता, मरायचं काम. रोज म्हणायचा, "आज चांगला मरतो बघ, टाइस्टो." एका नटाने चौदा नंबर त्याच्या दिशेने झाडली. नियमाप्रमाणे जरा बाजूलाच धरली होती. नळीच्या तोंडाशी बर्फाचं बूच बसलेलं. रात्रभर निथळलेलं पाणी. बार उडाला तसे बर्फाचे तुकडे गोळीसारखे सुटले. तो बर्फात बसला आणि म्हणाला, "अरे, हे काय?" एवढंच. ओरडला नाही.

सकाळी चौदाला मी गज घातलाच नव्हता. रात्रीच तर साफ केली, म्हटलं. "साफ!" म्हणून हाक दिली आणि सही ठोकली. त्याखाली मिर्वाची सही.

१७ जानेवारी

पोलीस. मी म्हणालो, गज घातला होता, नंतर कुठेतरी बर्फात टेकली असेल.

माझ्या तोंडून हे बाहेर पडलं. त्रेसष्टाव्या वर्षी!

१९ जानेवारी, शनिवार

शेवटची तपासणी तिची, नटाच्या हातात रायफल देणारी ती. म्हणजे जबाबदार ती. असंच चाललंय सगळं. सोमवारी तिचा परवाना काढून घ्यायचं ठरणार. ती शेडमध्ये बसून उरलेल्या एकोणसाठ रायफलींना तेल लावतेय. मी शेजारी बसलो. तिने मला कॉफी ओतून दिली.

२० जानेवारी

इस्पितळात गेलो. इल्पोची बायको बाहेर बसली होती. म्हणाली, "एका डोळ्यावर त्याला रंधा मारता येईल का हो? तुम्हाला हत्यारांतलं कळतं ना?" काय सांगणार? हो म्हणालो. आत जायची हिंमत झाली नाही. गाडीत बसून हमसून हमसून रडलो.

२१ जानेवारी, सोमवार

सांगितलं. सगळं. शेगडी, किटली, न घातलेला गज, मेलेली बोटं, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीसुद्धा दाखवली. तपासणारी बाई पोरसवदा होती, पण कामाला पक्की. पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाली, "तुमच्यावर खटला होईल." म्हटलं, व्हायलाच हवा.

मग ती म्हणाली, "साफ केलेल्या नळीत पाणी राहिलं आणि तुम्ही मिर्वाला खोटंच 'साफ' सांगितलंत, तर तिचा दोष कमी होतो." परवाना बहुतेक राहील म्हणे.

सहा दिवसांनी पोटभर जेवलो. राईच्या पावाचे चार तुकडे.

२३ जानेवारी, बुधवार

मिर्वा आली. बूटही काढले नाहीत. उभ्या उभ्याच बोलली.

"सॉनाला जाताना मी तुम्हाला चौदा नंबर आत नेताना पाहिलं होतं. तरी दुसऱ्या सकाळी मीही मुद्दाम गज घातला नाही. घातला असता तर तुम्हाला वाटलं असतं, परत सगळ्यांसमोर तुमची लाज काढली."

हे सगळं ती आज दुपारी पोलिसांना सांगून आली. तिचा परवाना गेला.